विडीचा पाय आणि रोजचं ‘सब ठीक’

माझ्या बापाच्या डाव्या पायाला तीन बोटं आहेत. उरलेली दोन विडीने खाल्ली. हे वाक्य स्वच्छ लिहून टाकते, कारण आमच्या घरात ते उच्चारायला जवळपास वर्ष गेलं आणि त्या वर्षात ती दोन बोटं गेली.

कुणासाठी लिहिते आहे तेही सांगते. ज्या घरात फौजेतून परतलेला माणूस आहे, त्याच्या खिशात बंडल आहे आणि ‘फौजी माणूस, त्याला कोण सांगणार’ म्हणून बाकीचे गप्प आहेत, त्या घरातल्या गप्प बसणाऱ्यांसाठी. सहानुभूती नको. आमच्याकडे सहानुभूती घेऊन आलेल्यांपैकी निम्मे परत जाताना अंगणातच काडी पेटवत होते.

पत्रक

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. शिरगावात चिकूची चार झाडं आणि पेन्शन. मग आमच्याकडे जे ठरलेलं असतं तेच: बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर शिट्टी गळ्यात घालून उभं राहायचं. मी बारावीपासून प्रदूषणाविरुद्ध पत्रकं लिहिते. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. मी ते फार मनापासून शिकले.

त्या वर्षी गेटसमोरचं गटार वारंवार तुंबत होतं. बाबा त्या पाण्यात उभे राहायचे. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी आधी निळी पडली, मग काळी. मला दुसरं काही सुचलंच नाही. दोन दिवसांत छापून घेतलं: ‘विषारी पाण्याने जवानाचा पाय कुजवला! जाब विचारा!’ खाली पायाचा मोठा फोटो. नवापूर नाक्यावर उभी राहून पाचशे प्रती वाटल्या. घसा बसेपर्यंत ओरडले.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते, म्हणून लवकर लिहिते. तो फोटो काढताना बाबा विडी ओढत होते. हात गुडघ्यावर, विडी बोटांत. पहिल्या फोटोत हात आला. मी म्हणाले, “बाबा, हात बाजूला घ्या, मध्ये येतोय.” त्यांनी घेतला. दुसरा फोटो छान आला.

निदानाचा दिवस

पालघरच्या सर्जन बाईंनी पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पायाच्या वरच्या अंगाला दोन बोटं टेकवून त्या बराच वेळ काहीतरी शोधत बसल्या. मग उजव्या पायावर शोधलं. मग बाबांच्या बोटांकडे बघितलं, जी पिवळी होती.

“किती ओढता?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“एक बंडल.”

“दोन,” आई म्हणाली.

मी पर्समधून पत्रक काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. अगदी मुद्रकाच्या नावापर्यंत.

“तुम्ही लिहिलंत? चांगलं लिहिलंय. पण चूक आहे.”

मी भांडायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. “त्या पाण्याने जखम चिघळेल, ते वेगळं. यांच्या पायात नाडीच लागत नाही. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तंबाखूने बंद होत चालल्यात.”

“मॅडम, मी बर्फात व्हतो,” बाबा म्हणाले. “वरच्या चौकीवर. त्याचं असंल.”

“बर्फ सोडून किती वर्षं झाली?”

“आठ.”

“आणि विडी सोडून?”

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

औषध काय, असं आईने विचारलं. बाई म्हणाल्या, “गोळ्या देते, पण त्या मदतनीस. खरं औषध एकच, एकही विडी नाही. कमी करतो वगैरे चालत नाही. मशेरी, चघळायची तंबाखू, तेही नाही. करंगळी आता वाचणार नाही. एवढ्यावर थांबलं तर थांबलं. नाही थांबलं तर एक दिवस गुडघ्याखालून काढावा लागेल.”

त्या रोगाला एक परकं नाव आहे. आम्ही घरात त्याला ‘विडीचा पाय’ म्हणतो. तेवढं पुरतं.

बाहेर आलो. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बाबा थांबले, आमच्याकडे पाठ केली आणि काडी ओढली. मी भर रस्त्यात त्यांना जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे विडी संपवली आणि म्हणाले, “झालं तुजं? चल, एसटी येल.”

फुगे

करंगळी काढली. टाके पडले, टाके निघाले. मी बाबांच्या फोनवर धूम्रपान सोडवणारं एक ॲप टाकलं. सकाळी ते एक झाड दाखवायचं. विडी न ओढता दिवस गेला असं बटण दाबलं की झाडाला पान फुटायचं, पडद्यावर रंगीत फुगे उडायचे आणि अक्षरं यायची: ‘वा! तुम्ही छान करत आहात!’

सतरा वर्षं बंदूक घेऊन पहारा दिलेल्या माणसासमोर फुगे.

“हा कोन लागून गेला मला शाब्बास म्हनाया?” बाबा म्हणाले. “याचा रँक काय?”

आठवड्याभरात त्यांचं झाड आंब्याच्या झाडाएवढं झालं, कारण ते विडी ओढत ओढत बटण दाबत होते. मी ॲपवाल्यांना लांबलचक तक्रार लिहिली. उत्तरात मलाही फुगे आले.

मग मी स्वतः व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. बोईसरच्या गेटांवर उभे राहणारे किंवा राहून गेलेले अकरा माजी सैनिक, सगळे ओढणारे, बाबांच्या ओळखीचे. मी माझ्या सवयीने सुरू झाले. सडलेल्या फुप्फुसांचे फोटो, कापलेले पाय, मोठ्या अक्षरात इशारे. त्यावर मला काय मिळालं? गुलाब. तिरंगा. उगवता सूर्य, सुप्रभात. बिहारचे यादवजी, जे बाबांच्या शेजारच्या गेटवर होते, त्यांनी लिहिलं: “बेटी, गोली से नहीं मरे, बीड़ी से क्या मरेंगे। जय हिंद।” खाली नऊ जय हिंद.

शेवटी दातिवऱ्याचे सुभेदार काका बोलले. नाव तांडेल, घरची होडी, ग्रुपमध्ये सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे. त्यांनी मला फोन केला. “पोरी, तू बाजूला हो. तू पत्रक वाचतंस. हे लोक पत्रक ऐकत नाय. हे रिपोर्ट देतात. रोज सकाली सहाला फॉल-इन. हजेरी मी घेतो.”

आणि काय सांगू! दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला अकरा संदेश. “सब ठीक है साहब.” “सब ठीक.” “ऑल ओके सर.” तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. एकही दिवस, एकही माणूस चुकला नाही. मी हरखून गेले. नवीन पत्रक छापलं: ‘अकरा जवान, एकच निर्धार! विडीवर विजय!’ वाटलंसुद्धा.

हे माझं दुसरं खोटं पत्रक.

वॉर्ड

बाबा दिवसभर ओटीवर पाय खाली सोडून बसायला लागले. पाय वर घेतला की ठणका, खाली सोडला की जरा कमी. करंगळीच्या शेजारचं बोट निळं दिसायला लागलं. मी म्हटलं, विडी तर बंद आहे, मग हे का? पुन्हा गटाराचा विचार डोक्यात आला. सवय वाईट असते, माझीही.

पुन्हा ॲडमिट. वॉर्डाचा दिवस फिनाईलने सुरू होतो. मग चहा, मग झाडूवाल्या मावशींचं ‘पाय वर, पाय वर’. बाबा म्हणायचे, “एकच वर घेऊ का दोन?” दहाला ड्रेसिंग. बाबा दात आवळून छताकडे बघत पडायचे आणि घामाने उशी भिजायची. ड्रेसिंगवाली सिस्टर माझ्याच वयाची. ती एकदा म्हणाली, “काका, ओरडा. इथे कुणी फौजेतलं नाही बघायला.” बाबा ओरडले. पूर्ण वॉर्ड ऐकत होता. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या घरात कुणीही त्यांना तेवढी मुभा दिली नव्हती.

दुसरं बोट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर पोचले. सहा वाजले. उशीजवळचा फोन वाजला. बाबा कुशीवर वळले, सलाईन लावलेल्या हाताने फोन धरला आणि अंगठ्याने टाइप केलं: सब ठीक है साहब.

मी वाकले. त्यांच्या बोटांना वास येत होता.

“बाबा, काय ठीक आहे?”

“काय?”

“काल बोट कापलं तुमचं. हाताला विडीचा वास येतोय. काय ठीक आहे?”

“हळू बोल, लोक हायत.”

“महिनाभर रोज खोटं लिहिलंत?”

बाबा उठून बसले. त्यांना राग आला होता, मला त्याचा अर्थच लागेना. चोर तो चोर आणि वर शिरजोर!

“खोटं कोन लिवतो? तुला रिपोर्ट म्हंजे काय म्हाईत तरी हाय? आमच्या पलटनीत रिपोर्ट ‘सब ठीक’नीच सुरू व्हायचा. चौकीचं छप्पर बर्फानी बसलं तरी आदी ‘सब ठीक’. तो रामराम हाय, सायले. खबर त्याच्या मागून येते. साहेब इचारतो, ‘बाकी?’ मंग सांगायचं, रॉकेल संपलं, एक जवान आजारी. तुमच्या ग्रुपात महिनाभर कोनी ‘बाकी’ इचारलाच नाय. मी का सांगू?”

“सुभेदार काकांनीही नाही?”

“तो कशाला इचारल?” बाबा म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

दातिवरे

मी तशीच निघाले. पालघर, सफाळे, तिथून एसटी. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, एकेक वाक्य पत्रकाच्या मथळ्यासारखं. सुभेदार काका घरामागे वाळत घातलेले बोंबील उलटत होते. मला बघून त्यांचा हात कानाकडे गेला. कानामागे सिगरेट होती. ती त्यांनी बोंबलांच्या टोपलीत टाकली.

“सुभेदार काका, रिपोर्ट?”

“सब ठीक हाय गो. बाबा कसा?”

“बाकी?”

त्यांच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मला वाटतं, निवृत्त झाल्यापासून त्यांना हा शब्द कुणी विचारला नव्हता. ते वाळूत उकिडवे बसले.

“माज्यानी सुटत नाय,” ते म्हणाले. “मी सुभेदार. मी कसा सांगू, माज्यानी सुटत नाय? मी सांगितला तर ते दहा जन काय करतील?”

“ते दहा जण तसंही ओढतायत! बाबांची दोन बोटं गेली. तुम्ही तिथे बसून हजेरी घेताय आणि इथे त्या माणसाचा पाय जाणार आहे. तुमच्या हुद्द्याला काय जाळायचंय?”

मी आणखी पुष्कळ बोलले. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून. हसत होत्या की रडत, कळलं नाही. त्या म्हणाल्या, “बोल, आनखी बोल. मी बोलून थकली.”

काकांनी टोपलीतून सिगरेट शोधून काढली. तिला बोंबलाचा वास लागला होता. ती मोडली. मग फोन तोंडाजवळ धरून आवाज रेकॉर्ड केला. मी शब्द न शब्द लिहिते:

“सुभेदार तांडेल बोलतो. माजा रिपोर्ट खोटा व्हता. आज सकालपासून तीन झाल्या. चौथी मोडली. आता एकेक जन बाकी सांगा. कोनाला शिवी पडनार नाय.”

एकाने गुलाब पाठवला आणि लगेच काढून टाकला. मग यादवजी: “साहब, सात। ड्यूटी पर।” मग कुणी पाच, कुणी बारा. दोघे न बोलता ग्रुप सोडून गेले. त्यातला एक फौजेच्या नावाने भाषण ठोकून गेला असता तरी मला चाललं असतं, निदान बोलला असता.

मग वॉर्डातून बाबा: “एक. मिसेसनी दिली.”

मी ते बोंबलांच्या शेजारी उभी राहून वाचलं. चार वेळा वाचलं.

आई

आई हॉस्पिटलच्या जिन्यात डबा धूत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा नव्हता तरी वाचलं, किंवा वाचायची गरज पडली नाही.

“हो, दिली. संडासात नेऊन दिली. रोज एक.”

“तुला बाईंनी समोर सांगितलं होतं! एकही नाही!”

“तू पत्रकं वाटतंस,” आई म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “मी त्याच्या पायाशी बसते. दुखलं का तो उशी चावतो. एक दिली का अर्दा तास गप पडतो. तुज्याकडं त्या अर्द्या तासाला काय हाय ते सांग, मी ते देते.”

माझ्याकडे घोषणा होत्या.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी आणि आई दोघींनी बाईंना सगळं सांगितलं. विडी कोण देतं, कधी देतं, किती दुखतं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी दुखण्याचं औषध बदललं आणि तलफेसाठी वेगळी गोळी सुरू केली. “हे आधी का नाही मागितलं?” त्या म्हणाल्या.

का मागितलं असतं? आमच्याकडे सगळं ठीक होतं ना.

आकडा

आता ग्रुपमध्ये ‘सब ठीक’ लिहायला बंदी आहे. सकाळी सहाला फक्त आदल्या दिवसाचा आकडा लिहायचा, आणि त्यापुढे बाकी. मी सडके फोटो टाकणं बंद केलं. कुणी शाब्बास म्हणत नाही. तलफ आली की व्हिडिओ कॉल करायचा, जो मोकळा असेल त्याने उचलायचा. यादवजी गेटवरच्या गाड्या दाखवतात, सुभेदार काका होडी रंगवताना दिसतात. विडीबद्दल कुणी बोलत नाही, आणि तेवढ्यात ती वेळ टळते. आई पण ग्रुपमध्ये आहे. बाबांना तिला घ्यायचं नव्हतं. मी त्यांना विचारलं नाही.

हे गोड झालं असं कुणी समजू नये. उरलेल्या नऊपैकी तिघे अजून ओढतात आणि तसं लिहितात. सुभेदार काकांचा आकडा एकावर येऊन अडला आहे आणि त्यावरून मी त्यांच्याशी दर आठवड्याला भांडते. बाबांचे सलग शून्य चालले होते, मग एका सकाळी आलं: “दोन.”

मी बाबांच्या खोलीकडे धावणार, इतक्यात काकांचा संदेश आला: “बाकी?”

“कंपनीनी काढलं. म्हनले, लंगडा मानूस गेटवर बरा दिसत नाय.”

त्या दिवशी मला राग करायला खरी जागा मिळाली होती आणि मी तिचा पुरेपूर उपयोग केला. पण ते या लेखात नाही. या लेखात एवढंच की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य आलं.

माझीही एक बाकी होती. मी ग्रुपमध्ये लिहिली. पहिलं पत्रक अर्धवट माहितीवर, दुसरं बिनतपासाचं, आणि फोटोतून विडी मी बाजूला करायला लावली होती. बाबांनी उत्तर दिलं: “म्हाईत हाय. बाकी?” मी लिहिलं, गटाराचं पाणी खरंच घाण आहे, त्यावर वेगळं लिहीन. त्यावर यादवजींनी गुलाब पाठवला. कुठून येतात हे गुलाब, देव जाणे.

पहिला फोटो फोनमध्ये होताच, हात आणि विडीसकट. बाबांना विचारलं, या वेळी खरंच विचारलं. ते म्हणाले, “छाप. पन नाव हुद्द्यासकट लाव.” तो छापून मी पुन्हा नवापूर नाक्यावर उभी राहिले. पानपट्टीवाला म्हणाला, “ताई, आधी पाणी म्हणत होता, आता विडी. नक्की काय?” मी म्हटलं, आधी चुकले. पत्रकं वाटायला लागल्यापासून हे वाक्य मी नाक्यावर पहिल्यांदा बोलले. त्याने पत्रक घेतलं, त्यात सुपारी बांधली आणि गिऱ्हाइकाला दिली. ठीक आहे. सुपारी सोडताना वाचेल कुणीतरी.

परवाच्या तपासणीत सर्जन बाईंनी पुन्हा दोन बोटं टेकवून शोधलं. मग म्हणाल्या, “पुढे गेलेलं नाही. आश्वासन देत नाही. असंच राहा.” घरी आई रोज सकाळी हाताची पाठ त्या पायाला लावून बघते, कोमट आहे की गार. लहान मुलाचा ताप बघतात तशी. बाबा पाय ओढून घेत नाहीत, हेच पुष्कळ.

आज सकाळी सहाला माझा फोन वाजला. बाबा पलीकडच्या खोलीतच होते, खोकल्याचा आवाज येत होता. तरी रिपोर्ट ग्रुपवरच आला:

“शून्य. बाकी, पाय जागेवर.”